चपला काढून

आमच्या हापिसात दरवर्षी २१ फेब्रुवारीला एक मेल येतो. आज आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, सर्वांनी आपापल्या मातृभाषेत एक वाक्य लिहून पाठवा. मेल अर्थातच इंग्रजीत! मग दिवसभर 'नमस्कार', 'वणक्कम', 'केम छो' असा पाऊस पडतो (बहुतेक रोमन लिपीत), संध्याकाळी सगळ्यात जास्त भाषा असणाऱ्या टीमला केक मिळतो, आणि केक खाऊन आम्ही परत आपापल्या बग्जकडे वळतो.

मीही पाच-सहा वर्षं इमाने इतबारे हा केक खाल्ला. पण तारीख २१ फेब्रुवारीच का, हा प्रश्न काही डोक्यात आला नाही. तो आला लंडनमध्ये, आणि तोही माझ्या बुटांमुळे.

झालं असं, की मी काही महिन्यांसाठी ऑनसाइट होतो. रविवार होता, पोटात कावळे ओरडत होते आणि कोणीतरी सांगितलं होतं की पूर्व लंडनमध्ये व्हाइटचॅपलला गेलास तर आपल्या चवीचं काहीतरी मिळेल. मिळालं. कबाब रोल घेऊन जवळच्या बागेत शिरलो. आल्ताब अली पार्क. कोपऱ्यात एक चौथरा दिसला, त्यावर काही पांढरे खांब, मधला सगळ्यात उंच आणि वरच्या बाजूला पुढे झुकलेला, मागे एक मोठा लाल गोल. असेल काहीतरी मॉडर्न आर्ट, असं म्हणून मी बुटांसकट चौथऱ्यावर बसकण मारली.

"बेटा, जूता."

समोरच्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. दाढी, टोपी, अंगात जाड कोट. हिंदी सिनेमे बघून शिकलेलं हिंदी. आवाजात राग नव्हता, पण विनंतीही नव्हती. मी गडबडून उठलो. मला वाटलं एखादी मजार वगैरे आहे. ते म्हणाले मजार नाही, मिनार आहे. मग मधल्या झुकलेल्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "ये माँ है. और ये सब उसके बेटे."

त्यांच्याशेजारी बसून मी माझा थंड झालेला रोल संपवला आणि तासभर ऐकत राहिलो. नंतर हॉटेलवर जाऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. त्यानंतरही कितीतरी शनिवार-रविवार त्यात गेले. हा लेख म्हणजे त्याचाच हिशोब.

तर, लंडनमधला तो मिनार ही छोटी प्रतिकृती आहे. मूळ 'शहीद मिनार' ढाक्यात, मेडिकल कॉलेजच्या शेजारी. त्याची गोष्ट १९४७ पासून सुरू होते.

पाकिस्तान झाला तेव्हा त्याचे दोन तुकडे होते, आणि मध्ये दीड हजाराहून जास्त किलोमीटर भारत. देशाचे निम्म्याहून जास्त लोक पूर्वेकडे, आणि ते बोलायचे बंगाली. १९५१ च्या जनगणनेत बंगाली मातृभाषा असणारे सुमारे ५५ टक्के, तर उर्दूवाले सुमारे ७ टक्के. तरीही राज्यकर्त्यांनी ठरवलं, राजभाषा उर्दू. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. नवा देश, विखुरलेला, आतून घाबरलेला. त्यांना वाटलं एक भाषा असली तर देश एक राहील. उर्दू ही पाकिस्तानच्या कुठल्याच प्रांताची स्वतःची बोली नव्हती, म्हणजे सगळ्यांना सारखीच परकी, म्हणून तटस्थ! कागदावर हे लॉजिक ठीकठाक दिसतं. आपणही अशी डिझाइन्स करतोच की. वापरणाऱ्याला न विचारता.

पण वापरणाऱ्याला काय दिसलं? नव्या देशाची तिकिटं, नोटा, मनीऑर्डरचे फॉर्म आले, त्यावर इंग्रजी आणि उर्दू. बंगाली गायब. सरकारी नोकरीच्या परीक्षेतल्या विषयांमधूनही बंगाली गायब. म्हणजे बघा, कालपर्यंत शाळामास्तर असलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस आज पोस्टात गेला तर त्याला फॉर्म कोणाकडून तरी भरून घ्यावा लागणार. एका रात्रीत तो अडाणी. हे वाचेपर्यंत मला भाषेची आंदोलनं म्हणजे भावनेचा मामला वाटायचा. इथे तर सरळ सरळ पोटाचा आणि मानाचा प्रश्न होता.

पहिला आवाज संविधान सभेत उठला. फेब्रुवारी १९४८ मध्ये कुमिल्ल्याचे धीरेंद्रनाथ दत्त कराचीत उभे राहिले आणि त्यांनी अगदी साधी दुरुस्ती सुचवली. सभेच्या कामकाजात इंग्रजी आणि उर्दूच्या बरोबरीने बंगालीही चालू द्या. उर्दू काढा असं म्हणालेच नव्हते ते. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी विरोध केला, दुरुस्ती फेटाळली गेली. दत्त हिंदू होते, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल शंका घेणं तर फारच सोपं होतं. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.)

मार्च १९४८ मध्ये ढाक्यात संप झाला, धरपकड झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी विद्यार्थ्यांशी आठ कलमी करारही केला. आणि मग जिन्ना आले. २१ मार्चला रेसकोर्स मैदानावर त्यांनी सांगितलं की राजभाषा उर्दूच असेल, दुसरी कुठलीही नाही. तीन दिवसांनी कर्झन हॉलमध्ये पदवीदान समारंभात तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा समोरच्या पोरांतून "नो, नो" असा ओरडा झाला. गंमत म्हणजे, उर्दूचा आग्रह धरणारं मैदानावरचं ते भाषण इंग्रजीत होतं, आणि वक्त्याची मातृभाषा गुजराती!

मग काही वर्षं धुमसण्यात गेली. २७ जानेवारी १९५२ ला तेच नाझिमुद्दीन, आता पंतप्रधान झालेले, ढाक्याच्या पलटन मैदानावर उर्दूचीच री ओढून गेले. हे गृहस्थ स्वतः ढाक्याच्या नवाब घराण्यातले, करारावर सही करणारेही तेच. विद्यार्थी भडकले. २१ फेब्रुवारीला प्रांतिक विधानसभेचं अधिवेशन सुरू होणार होतं, त्याच दिवशी हरताळ ठरला. आदल्या संध्याकाळी सरकारने १४४ कलम लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली सभा भरली. कलम मोडायचं की नाही? मोठे पुढारी नको म्हणत होते, पोरं मोडायचंच म्हणत होती. शेवटी दहा-दहा जणांच्या तुकड्या करून बाहेर पडायचं ठरलं. अटका, अश्रुधूर, दगडफेक असं दुपारपर्यंत चाललं. तीनच्या सुमाराला मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहापाशी पोलिसांनी गोळीबार केला.

मेलेल्यांची यादी वाचताना मी थबकलो. मला वाटलं होतं सगळे विद्यार्थी पुढारी असतील. अबुल बरकत विद्यापीठात एम. ए. करत होता, जन्म मुर्शिदाबादचा, म्हणजे आपल्या भारतातला. रफिकउद्दीनच्या वडिलांचा छापखाना होता. अब्दुल जब्बार गावाकडचा माणूस, आजारी सासूला दवाखान्यात दाखवायला ढाक्याला आलेला. अब्दुस सलाम एका सरकारी कचेरीत शिपाई. गोळी लागल्यावर तो ७ एप्रिलपर्यंत झुंजला आणि मग गेला. शफिउर रहमान हायकोर्टात नोकरीला. २२ तारखेला निषेधाची लाट उसळली, पुन्हा गोळीबार झाला, त्यात तो गेला. त्याच दिवशी ओहिउल्लाह नावाचा आठ-नऊ वर्षांचा पोरगाही गेला. काही प्रेतं पोलिसांनी रातोरात आझिमपूरच्या कब्रस्तानात पुरून टाकली, त्यामुळे एकूण किती गेले याचा हिशोब कधीच नीट लागला नाही.

आता मिनार. मला ह्या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त आवडलेली रात्र म्हणजे २३ फेब्रुवारीची.

शहरात कर्फ्यू होता. मेडिकलच्या पोरांनी ठरवलं की जिथे गोळ्या लागल्या तिथेच स्मारक बांधायचं, आजच्या आज. बद्रुल आलम नावाच्या विद्यार्थ्याने नकाशा काढला, सईद हैदर त्याच्या जोडीला. हॉस्पिटलच्या वाढीव इमारतीचं काम चालू होतं, त्यामुळे विटा आणि वाळू तिथेच पडलेल्या. सिमेंट मात्र गोदामात कुलूपबंद. ठेकेदाराचं नाव पियारू सरदार, जुन्या ढाक्यातलं वजनदार प्रस्थ. पोरं त्यांच्याकडे गेली, आणि त्यांनी गोदामाची किल्ली काढून दिली. विचार करा, सरकारी कामाचा ठेकेदार! त्याला गमावण्यासारखं किती होतं! (२०१५ मध्ये त्यांना मरणोत्तर एकुशे पदक मिळालं. त्रेसष्ट वर्षांनी का होईना.)

मग पोरांनी रांग केली आणि विटा हातोहात पुढे सरकल्या. उजाडेपर्यंत साडेदहा फूट उंच आणि सहा फूट रुंद स्तंभ उभा! २४ तारखेला शफिउर रहमानच्या वडिलांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. लोक फुलं घेऊन यायला लागले, बायका अंगावरचे दागिने काढून ठेवू लागल्या. २६ तारखेला 'आझाद' दैनिकाचे संपादक अबुल कलाम शमसुद्दीन यांच्या हस्ते पुन्हा रीतसर उद्घाटन झालं. गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी विधानसभेचा राजीनामा दिला होता. आणि त्याच दिवशी पोलिसांनी येऊन मिनार पाडला, विटासुद्धा उचलून नेल्या.

जेमतेम तीन दिवसांचं आयुष्य. सरकारला वाटलं संपलं. पण १९५४ च्या निवडणुकीत पूर्व बंगालमध्ये मुस्लिम लीगचा अक्षरशः धुव्वा उडाला. १९५६ च्या राज्यघटनेत उर्दूबरोबर बंगाली ही पाकिस्तानची राजभाषा झाली. म्हणजे आठ वर्षांपूर्वी दत्त साधारण जे मागत होते तेच. तेव्हाच ऐकलं असतं तर? असो.

त्याच १९५६ च्या २१ फेब्रुवारीला नव्या मिनाराची पायाभरणी झाली. मुख्यमंत्री अबू हुसेन सरकार होते, मौलाना भाशानी होते, आणि बरकतची आई हसीना बेगम होती. चित्रकार हमीदुर रहमान यांनी आराखडा केला, शिल्पकार नोव्हेरा अहमद त्यांच्याबरोबर काम करत होत्या. मूळ कल्पना फार मोठी होती. खांबांमध्ये डोळ्यांच्या आकाराच्या रंगीत काचा, बंगाली अक्षरांचं कुंपण, तळघरात भित्तिचित्रं, ग्रंथालय. १९५७ मध्ये काम सुरू झालं, १९५८ मध्ये लष्करी कायदा आला आणि काम थांबलं. पुढे आराखडा बराच कापून, साधा करून मिनार पुरा झाला आणि २१ फेब्रुवारी १९६३ ला उघडला, बरकतच्या आईच्याच हातून. मधला झुकलेला खांब म्हणजे आई, दोन्ही बाजूंना दोन-दोन मुलगे. त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या हसीना बेगमना तो खांब बघून काय वाटलं असेल, कोण जाणे.

(नोव्हेरा पुढे देश सोडून गेल्या आणि २०१५ मध्ये फ्रान्समध्ये वारल्या. आराखड्याच्या श्रेयात त्यांचं नाव बरीच वर्षं घेतलंच जात नव्हतं. आठवणीसाठी बांधलेल्या वास्तूचीसुद्धा स्मरणशक्ती कच्ची असू शकते.)

मिनार दुसऱ्यांदा पडला १९७१ मध्ये. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, त्या दिवसांत त्यांनी मिनार उद्ध्वस्त केला आणि ढिगाऱ्यावर 'मशीद' अशी पाटी लावली. २९ मार्चला कुमिल्ल्यात पंच्याऐंशीच्या घरातल्या धीरेंद्रनाथ दत्तांना त्यांच्या मुलासकट घरातून उचलून नेलं. दोघेही परत आले नाहीत. एकुशेच्या गाण्याला आजची चाल देणारे संगीतकार अल्ताफ महमूद यांना ऑगस्टमध्ये नेलं. तेही परत आले नाहीत.

डिसेंबरात बांगलादेश झाला. १९७२ ची २१ फेब्रुवारी लोकांनी तुटलेल्या खांबांपाशीच केली. नंतर मिनार परत बांधला गेला, आणि १९८३ मध्ये आवार वाढवून त्याला आजचं रूप आलं. तेव्हापासून दर वर्षी २० तारखेच्या मध्यरात्रीपासून लोक रांगेत येतात, अनवाणी. म्हणून ते आजोबा माझ्या बुटांवर घसरले होते!

एक विरोधाभास मला फार गमतीचा वाटतो. बंगालीसाठी मेलेल्यांचा हा दिवस बंगालीतही 'एकुशे फेब्रुवारी' म्हणूनच ओळखला जातो, इंग्रजी महिन्याने. बंगाली तिथी ८ फाल्गुन १३५८. मध्ये पंचांगातल्या सुधारणांमुळे २१ फेब्रुवारीला ९ फाल्गुन यायचा. २०१९ मध्ये बांगलादेशाने महिन्यांचे दिवस बदलले आणि दोन्ही तारखा पुन्हा जुळवल्या. एका तारखेसाठी अख्ख्या कॅलेंडरला पॅच! आपल्या धंद्यातल्या माणसाला ह्याची किंमत बरोब्बर कळेल.

आणि आमच्या हापिसातला केक? त्याचं मूळ कॅनडात. व्हँकुव्हरमध्ये राहणारे रफिकुल इस्लाम आणि अब्दुस सलाम (नावं बघा, दोन हुतात्म्यांचीच!) यांनी जानेवारी १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांना पत्र लिहिलं. बांगलादेश सरकारने पाठपुरावा केला, १७ नोव्हेंबर १९९९ ला युनेस्कोने ठराव केला आणि २००० पासून जगभर हा दिवस सुरू झाला.

माझ्या धंद्याशी जवळचा एक धागा सांगतो. २००३ मध्ये मेहदी हसन खान नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने 'अभ्र' नावाचा बंगाली कीबोर्ड बनवला. युनिकोडवर चालणारा, रोमनमध्ये टाइप केलं की बंगाली अक्षरं उमटणारा, आणि फुकट. अभ्यास सांभाळून, हॉस्टेलच्या खोलीत बसून! कित्येकांनी संगणकावर पहिल्यांदा आपली भाषा लिहिली ती त्यावर. २०२५ मध्ये त्याला आणि त्याच्या तीन साथीदारांना एकुशे पदक मिळालं. १९५२ मध्ये मेडिकलच्या पोरांनी विटा रचल्या, पन्नास वर्षांनी मेडिकलच्याच एका पोराने अक्षरं रचली. मला ही दोन्ही कामं एकाच जातीची वाटतात. कोणी सांगितलं नव्हतं, बजेट नव्हतं, हाताशी जे होतं त्यातून उभं केलं.

पण इथेच थांबलो तर लेख गुळगुळीत होईल. आजोबांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती, ती मला तेव्हा कळली नाही. ते सिल्हेटचे. म्हणाले, घरी आम्ही सिल्हेटी बोलतो, मिनारातली बांगला शाळेत शिकलो. सिल्हेटीला एके काळी स्वतःची नागरी लिपीसुद्धा होती. मग मी पुढे वाचलं. १९७२ मध्ये बांगलादेशाची घटना करताना सगळ्या नागरिकांना 'बंगाली' म्हणायचं ठरलं, तेव्हा चितगावच्या डोंगराळ भागातले मानवेंद्र नारायण लारमा सभागृहात उभे राहिले. मी चकमा आहे, बंगाली नाही, असं त्यांचं म्हणणं. ऐकलं गेलं नाही. चोवीस वर्षांपूर्वी कराचीत दत्त जसे एकटे पडले होते, तसेच हे ढाक्यात. ज्यांनी भाषेसाठी मार खाल्ला त्यांच्याच सभागृहात! चकमा, मार्मा, गारो, सादरी आणि त्रिपुरी मुलांसाठी त्यांच्या भाषेतली पहिली सरकारी पाठ्यपुस्तकं आली ती २०१७ मध्ये.

ह्याने मिनार छोटा होतो का? मला नाही वाटत. उलट तो बांधणाऱ्यांनाच तो प्रश्न विचारत उभा आहे, आणि लोकही त्याच्यासमोर येऊन प्रश्न विचारतात. ३ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थ्यांनी सरकारच्या राजीनाम्याची एककलमी मागणी जाहीर केली ती ह्याच मिनाराच्या पायऱ्यांवरून. दोन दिवसांनी शेख हसीना यांना देश सोडावा लागला. ते आंदोलन आणि त्यानंतरचं सगळं बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण ढाक्यात सत्तेला काही सांगायचं असलं की लोकांची पावलं अजूनही तिकडेच वळतात, एवढं खरं.

परत आल्यावर एकदा फोर्टात काम होतं. हुतात्मा चौकातून मी कॉलेजात असल्यापासून शेकडो वेळा गेलोय. त्या दिवशी पहिल्यांदा थांबलो आणि लक्षात आलं, मला बरकत, रफिक, सलाम, जब्बार, शफिउर ही पाच नावं तोंडपाठ आहेत, आणि ज्यांच्या जिवावर मी मराठी राज्यात राहतो त्यांतलं एकही नाव मला सांगता येत नाही. लाज वाटली. गाड्यांच्या गर्दीत थोडा वेळ नुसता उभा राहिलो. त्यांची यादी मिळवली आहे, वाचतो आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

ह्या २१ फेब्रुवारीला मेल आला, तेव्हा मी 'नमस्कार' पाठवला नाही. देवनागरीत एक परिच्छेद लिहिला, त्यात ती पाच नावं आणि गोदामाची किल्ली देणारा ठेकेदार. आमच्या टीममधल्या कोलकात्याच्या पोरीने वाचून विचारलं, "तुला पियारू सरदार कसे माहीत?"

म्हटलं, एकदा बूट घालून चुकीच्या जागी बसलो होतो.